वरून खालचं दिसतं

टॉर्च दातांत धरून तो वरच्या मजल्यावरच्या टेबलाखाली पालथा पडला आणि राउटरची मागची बाजू त्याने स्वतःकडे वळवली. सकाळपासूनचं हे सहावं घर. चौथ्या घरात कुत्रं होतं, पाचव्यात माळ्यावर चढावं लागलं होतं, आणि गुडघ्यांनी तिसऱ्या घरीच हात टेकले होते. वस्तीतली पोरं त्याला वायरकाका म्हणत. पंचविशीत हे नाव चिकटलं तेव्हा त्याला राग आला होता. आता पन्नाशीत ते शोभून दिसायला लागलं, याचा जास्त राग यायचा.

तक्रार तशी साधी होती. दोन मजल्यांचं घर, खाली आई, वर मुलगा. इंटरनेटची लाइन खाली येते, तिथे एक राउटर. तिथून एक वायर जिन्याच्या कडेने वर जाते, तिथे दुसरा. मुलाच्या कॉम्प्युटरवरचे फोटो आईला खाली बसून बघता यायचे, ते तीन महिन्यांपासून दिसेनासे झाले होते. फोन आईनेच केला होता. मुलाला तर तो दारात उभा राहीपर्यंत पत्ताच नव्हता.

टॉर्चच्या उजेडात त्याला दोन लाल ठिपके दिसले. आधीच्या कुणा शहाण्या कारागिराने एक ठिपका वायरच्या टोकाला आणि एक राउटरच्या पहिल्या पिवळ्या भोकाशी दिला होता. ठिपक्याला ठिपका जुळवायचा, इतकं सोपं. पण वायर शेजारच्या निळ्या भोकात होती. बाकीच्या पिवळ्या भोकांत धूळ साठली होती, पहिलं मात्र स्वच्छ होतं. हे आपोआप झालेलं नव्हतं.

"ही वायर कुणी हलवली?" टॉर्च हातात घेऊन त्याने टेबलाखालूनच विचारलं.

टेबलाशेजारची खुर्ची करकरली.

"मी," मुलगा म्हणाला. मुलगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ, डोळ्यांखाली काळं झालेला. "व्हिडिओ बघून केलं. रीसेट केलं आणि वायर निळ्यात घातली. बंद करायचं होतं मला."

"काय बंद करायचं होतं?"

"बाहेर या, दाखवतो."

टेबलाची कड धरून तो उठला. स्क्रीनवर दिसतं ते वाचायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम होता. पण मुलाने बोटच ठेवलं. फोटोंच्या फोल्डरशेजारी दुसरं फोल्डर होतं: 'आईची सोय'.

"बायकोची बदली झाली. ती आणि मुलगी चार महिने झाले, तिकडे आहेत," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "मी शुक्रवारी संध्याकाळी बस पकडतो, सोमवारी पहाटे परत येतो. आईला इथे कायमचं एकटीला ठेवता येत नाही, आणि तिकडच्या दोन खोल्यांत... दोन-तीन वृद्धाश्रम बघून ठेवलेत. माहितीपत्रकं यात आहेत. एक दिवस लक्षात आलं की माझ्या स्क्रीनवरचं सगळंच तिला खाली दिसतंय. घाबरलो. फक्त फोटोंपुरतं चालू कसं ठेवायचं ते येत नव्हतं, म्हणून सगळंच तोडलं. राउटर बिघडला म्हणून सांगितलं."

"मग त्यांच्याशी बोलायचं केव्हा?"

"आधी म्हटलं, ठरवतो आणि मग सांगतो. मग म्हटलं, सांगतो आणि मग ठरवू." त्याने कपाळ चोळलं. "तिला कळता कामा नये. निदान आत्ता तरी."

दुरुस्तीवाल्याने मान हलवली. त्याला बसावंसं वाटत होतं, पण खोलीतली एकुलती एक खुर्ची मुलाकडे होती. उभ्यानेच त्याने काम उरकलं. एका म्यानात दोन तलवारी तशा एका घरात कॉम्प्युटरांना नेटवर्कचे पत्ते वाटणारे दोन राउटर राहत नाहीत. वरच्याचं पत्ते वाटणं त्याने बंद केलं. ठिपक्याला ठिपका लावला. मग फक्त फोटोंचं फोल्डर खुलं ठेवलं आणि बाकी सगळ्याला कुलूप घातलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आईच्या कॉम्प्युटरकडे जाणारं एक जुनं चिन्ह होतं. त्याखाली 'खालचं' असं लिहिलेलं होतं.

"हे वापरता का?"

"आता नाही. तेही तुटलंच असेल ना तेव्हा."

त्याने पिशवी उचलली. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी त्याने मोजली. सतरा भरल्या.

खाली बाई कॉम्प्युटरसमोर ताठ बसून होत्या. त्याने फोटो उघडून दिले. नातीचा पुढचा दात पडला होता आणि ती तो तळहातावर घेऊन हसत होती. अशा वेळी लोकांचे डोळे भरून येतात, त्यांना पाणी पिऊ द्यावं लागतं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. बाईंनी दोन फोटो बघितले, गोड आहे म्हणाल्या आणि फोटोंची खिडकी बंद केली.

"आता माझं त्याला वर दिसेल?"

"दिसेल की, काकू. तुमचं तर आधीही दिसत होतं."

"आधी म्हणजे केव्हा?"

"या तीन महिन्यांत. वायर अशी लावली होती की खालून वरचं दिसायचं नाही, पण वरून खालचं दिसायचं. त्यांच्या स्क्रीनवर चिन्ह आहे. दाबलं असतं तर उघडलं असतं."

बाईंनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"म्हणजे लाइन चालू होती."

"हो."

"मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली," त्या म्हणाल्या. "घंटी वाजतेय आणि समोरचा उचलत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हे आम्हाला शिकवलं होतं. आता आठवत नाही बघा."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि आपलं फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती: 'माझी सोय'. शेजारी तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची. दुरुस्तीवाल्याने आपला नियम आठवून भिंतीकडे बघितलं.

"बघा हो, त्यात चोरीचं काही नाही. वरचं फोल्डर मी एकदा उघडलं होतं. फोटोच शोधत होते. त्याने निवडलेल्या तिन्ही जागा भलत्याच लांब आहेत. तो काय मला भेटायला येणार? मी स्वतः जाऊन चौथी बघून आले. वृद्धाश्रम म्हणायचं नाही बरं का, तिथले लोक रागावतात. खोलीला खिडकी आहे. त्याच्या नव्या घरापासून बसने वीस मिनिटं. फॉर्मही भरून ठेवलाय. सगळं लिहिलंय यात. माझं बघून तो इतक्या दिवसांत बोलला नाही, तेव्हा वाटलं, मशिनच बिघडलं. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"तोंडाने सांगायचं होतंत, काकू."

"तोंडाने सांगितलं की तो नाही म्हणणार. मुलगाच तो. एकदा नाही म्हटलं की मग त्याला ते निभवावं लागणार, आणि तो निभवेलसुद्धा. दर सोमवारी पहाटे दार उघडतो तेव्हा त्याचं तोंड मी बघते." त्या थांबल्या. "लिहिलेलं माणसाला एकट्याने वाचता येतं. रडायचं तर रडता येतं."

दुरुस्तीवाल्याने पिशवी आवरली. पक्कड, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, सगळं जागच्या जागी होतं. पिशवीची चेन लावून तो म्हणाला, "स्क्रूड्रायव्हर वर राहिला वाटतं."

बाईंनी पिशवीकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. गुडघ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत तो पुन्हा सतरा पायऱ्या चढला.

मुलगा मेल लिहीत होता.

"एक टेस्टिंग राहिलंय. ते 'खालचं' उघडून बघा."

"नंतर बघतो, एवढं जरा..."

"आत्ता बघा. त्याशिवाय माझं काम पुरं होत नाही."

मुलाने चिन्ह दाबलं. ते उघडलं तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने फाइलचं नाव वाचलं आणि तारीख बघितली. माउसवरचं बोट तसंच राहिलं. दुरुस्तीवाला वळला आणि पावलं वाजणार नाहीत अशा बेताने खाली आला.

दारात बसून तो बूट घालू लागला. बाई जिन्याकडे पाठ करून बसल्या होत्या. स्क्रीन काळा झाला होता, तरी हात माउसवरच होता. त्याने एक नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

बऱ्याच वेळाने वरची खुर्ची मागे सरकली. पावलं जिन्यात आली, खाली येऊ लागली आणि मधल्या वळणावर थांबली. तिथून कुणी नाक ओढल्याचा आवाज आला.

दुरुस्तीवाल्याने दार हळूच ओढून घेतलं. फट मिटता मिटता बाईंचा आवाज त्याला ऐकू आला, स्वच्छ, बिनघाईचा, एकतीस वर्षांच्या सवयीचा.

"मी आहे इथे. बोल."