मुळ्येसरांनी हात वर केला

मुळ्येसर स्वतःच सांगत की उज्जैनमधले सगळ्यात मोठे जॅझ संगीतकार आपणच, कारण दुसरा कोणी नाहीच. माधव नगरातल्या घराच्या पाटीवर त्यांनी कंपोझर, कंडक्टर आणि प्रोफेसर अशा तीन पदव्या लावल्या होत्या. कॉलेजात ते लेक्चरर होते, आणि कंडक्ट करायला समोर वाद्यवृंद लागतो, तो काही मिळाला नव्हता. राहता राहिला कंपोझर. त्याचा मात्र ट्रंकभर पुरावा होता, फक्त कोणी ऐकलेला नव्हता. घरोघरी केबल आली तेव्हा सरांना वाटलं, आता लोकांचे कान उघडतील. लोकांचे डोळे उघडले, कान होते तिथेच राहिले.

पंच्याण्णवच्या जुलैअखेर ते निवृत्त होणार होते. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांना वीस मिनिटं दिली. एकतीस वर्षं घासूनपुसून लिहिलेली आपली मोठी रचना एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलेली ऐकायची, एवढंच त्यांना हवं होतं. वाजवणार कोण? तर नानाखेड्याच्या करामत मास्टरांचा लग्नाचा बँड. चातुर्मास लागलेला, लग्नं बंद, त्यामुळे सगळे मोकळे होते.

महिनाभर तालीम झाली. बँडवाल्यांना नोटेशन येत नव्हतं. सर पेटीवर वाजवून दाखवत, ते कानाने उचलत. सरांचे दोन्ही हात पेटीवर, म्हणून इशारे मानेने. 'जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचेल ते' हे वाक्य सर वर्गात दरवर्षी वहीतून वाचून लिहून देत. स्वतःच्या रचनेत मात्र त्या क्षणी सुचायच्या जागासुद्धा त्यांनी सूर न् सूर लिहून ठेवल्या होत्या.

ऐन दिवशी सरांना कंडक्टर दिसायची हुक्की आली. काळा कोट चढवला, पत्नीची विणकामाची सुई हातात घेतली आणि पेटी सोडून ते उभे राहिले. सहा मिनिटं दृष्ट लागावी असं वाजलं. मग सूर चढायची जागा आली आणि सरांनी दोन्ही हात उंच केले.

बँड एकदम गप्प झाला.

लग्नाच्या बँडात हात वर गेला की त्याचा अर्थ एकच, समोरून अर्थी, म्हणजे प्रेतयात्रा, येते आहे, वाजवणं बंद. चक्रतीर्थाच्या स्मशानाकडे रोज माणसं जाणाऱ्या या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळं सभागृह भराभर उठलं आणि हात जोडून दाराकडे बघू लागलं. प्राचार्यही उठले.

"मास्टर, रुक क्यों गए?" सर पुटपुटले.

"आपने हाथ उठाया, साब. किसकी है?"

"मेरी ही समझो. जहाँ छोड़ा वहीं से उठाओ."

करामत मास्टर हलले नाहीत. "अर्थी पे टूटी धुन वापस नहीं उठाते, साब. अपशगुन होता है. नई धरो."

"पर अर्थी है कहाँ?"

"हाथ तो उठा ना."

सरांना रडूच यायचं राहिलं. एकतीस वर्षं एका सुईपायी गेली. ट्रंकेतलं दुसरं काही बँडला येत नव्हतं, आणि लोक तर अजून उभेच. सरांनी सुई खिशात खोचली, पेटीपाशी बसले आणि घामेजल्या बोटांना सापडेल ते वाजवू लागले. चुकले. चूक लपवायला तीच पुन्हा वाजवली. करामत मास्टरांनी ती क्लॅरोनेटवर उचलली आणि पुढे नेली, मागून ड्रम आला. लोक हळूहळू खाली बसले. बारा मिनिटं पुढचं कोणालाच माहीत नव्हतं, सरांना तर सगळ्यांत कमी.

घरी येताना ऑटोत सरांच्या पत्नी विनोदिनीबाई म्हणाल्या, "पहिलं ते ठीकठाक होतं, तुमचं नेहमीचंच. पण मागून जे वाजवलंत ना, ते एकदम बढिया होतं हो. इतकी वर्षं ते का नाही वाजवलंत? आज घरी गेल्यावर लिहून ठेवा बरं."

सर आठवू लागले. ट्रंकेतली रचना आठवली, अगदी शेवटच्या सुरापर्यंत. या बारा मिनिटांतला एकही सूर आठवेना.