डबल बेल

टण्, टण्.

लक्ष्मीने डाव्या हातातल्या चमच्याने स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवलं, तेव्हा कुठे हरिश्चंद्र धुरीने बटण दाबलं आणि टीव्हीवरची लाल गाडी हलली.

"चला, सुटली गाडी!" तो म्हणाला.

एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि दिल्यावर थांबवायची नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की खेळातल्या गाडीलाही त्याने तोच नियम लावला. अर्धांगाच्या झटक्याने त्याच्या बायकोची, लक्ष्मीची, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला डावा हात. मग कंडक्टर तीच. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की चल.

गेमचं मशीन त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, दिव्याचं. ती पुण्याला नोकरीला. गणपतीत मिठबावला घरी आली तेव्हा, बाबाचा वेळ जावा म्हणून, आपलं जुनं मशीन टीव्हीला जोडून गेली. खेळ शर्यतींचा, पण कुठल्याशा परमुलखातले घाट, शेतं, समुद्रकाठचे रस्ते सगळे मोकळे, हवं तिकडे जावं. शर्यत लावायला येणाऱ्यांना हरिश्चंद्र हात करून पुढे जायला सांगायचा, जणू त्यांना तो दिसणारच होता. काटा चाळिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही. तिथली वाहनं उजवीकडून चालतात हे कळायला त्याला चार दिवस लागले. तोवर समोरून येऊन आदळणाऱ्या प्रत्येकाला त्याने यथेच्छ शिव्या घातल्या आणि लक्ष्मी अर्ध्या तोंडाने हसत राहिली. ते हसू बघायला पाचव्या दिवशीही तो मुद्दाम डावीकडूनच गेला.

जाताना दिव्याने एक बटण दाखवलं होतं. "बाबा, आपाटलंस तर ह्या दाब. गाडी मागे जाता."

"किती मागे?"

"धा सेकंद."

"मगे काय उपेग नाय," हरिश्चंद्र म्हणाला होता.

त्याला वीस वर्षं मागे जायचं होतं.

समुद्रकाठच्या कुणकेश्वराची शिवरात्रीची जत्रा होती, आणि जत्रेच्या जादा गाडीवर हरिश्चंद्र होता. आठवडाभर आधी लक्ष्मीने विचारलं होतं, "ह्या वर्साक तरी माका तुमच्या गाडयेन न्हेतलात मा?" लग्नाला पंधरा वर्षं झालेली, पण नवरा चालवत असलेल्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती. "स्टॉपार ये," तो म्हणाला. ती आली. नवी साडी, हातात नारळ आणि फुलांची परडी. गाडी खच्चून भरलेली. दुसऱ्या डेपोचा नवा कंडक्टर तिला ओळखत नव्हता. तिने पायरीवर पाय ठेवला तसा तो म्हणाला, "जागा नाय. मागच्या गाडयेन येवा." दार लागलं. डबल बेल झाली.

हरिश्चंद्रने गाडी काढली. आरशात ती दिसली, परडी छातीशी धरून गाडीमागे चार पावलं धावलेली. ब्रेकवर पाय होता. तो दाबला नाही.

संध्याकाळी तिने पान वाढलं. नारळ शेजारणीबरोबर पाठवल्याचं सांगितलं. "माका गर्दीत दिसाक नाय गो," तो म्हणाला. तिने भात वाढला. पुढे दर शिवरात्रीला तो विचारायचा, "जावया?" आणि ती म्हणायची, "माजे गुडघे दुखतत." तिच्या गुडघ्यांना तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी लाल गाडी खेळातल्या किनाऱ्याच्या शेवटाला पोचली. पुढे रस्ता नव्हता. खडकावर पांढरी इमारत, खाली समुद्र. देऊळ नव्हतंच ते, पण लांबून तसं वाटावं.

टण्.

त्याने गाडी थांबवली. लक्ष्मी टक लावून बघत होती. लाटा येत होत्या, जात होत्या.

"लक्ष्मी, मी तुका खोटा सांगितलंय. त्या दिवशी तू माका आरशात दिसलंलंस. ब्रेक मारूक होयो हुतो. मी मारूक नाय."

तिने मान वळवली. टीव्हीकडे नव्हे, त्याच्याकडे बघत राहिली. रागाने बघत होती की मायेने, हे त्याला कळेना. पस्तीस वर्षं या बाईबरोबर काढून आपल्याला एवढंही कळू नये, याची त्याला लाज वाटली. तो डबल बेलची वाट बघत बसला. मग लक्ष्मीने चमचा अलगद पेल्यात ठेवला आणि डोळे मिटले. दमली असेल, असं म्हणून त्याने टीव्ही बंद केला.

पहाटे दुसरा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. बाप दिवसचे दिवस रिकाम्या खाटेकडे बघत बसतो हे दिव्याला बघवेना. तिने टीव्ही लावला आणि खेळाचा रिमोट त्याच्या हातात दिला. गाडी सोडली होती तिथेच होती, समोर तोच समुद्र.

"बाबा, चालव मा वायच."

"डबल बेल खंय झाली?"

दिव्याला आईची बेल ठाऊक होती. तिने खिडकीतला पेला उचलला, चमचा हातात घेतला. हरिश्चंद्रने तिचं मनगट धरलं.

"थांब गो. एक पॅसेंजर येवचो आसा."

दिव्याने चमचा परत पेल्यात ठेवला आणि ती त्याच्याजवळ बसली. मागून आलेल्या दोन गाड्या वळून निघून गेल्या. लाल गाडी इंजिन चालू ठेवून तिथेच उभी राहिली.