तीनदा चुकलं की

सोसायटीत त्यांना सगळे नियमवाले म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. घरबसल्या बँकेचे व्यवहार करायच्या कार्डांचे नियम लिहिण्यात त्यांची उमेदीची वीस वर्षं गेली होती. कार्ड घरातल्या छोट्या यंत्रात घालायचं, चार आकडी गुप्त नंबर दाबायचा. तीनदा चुकला की कार्ड कायमचं बंद. समितीत कुणीतरी म्हणालं होतं, "म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाच संधी देऊ या की." यांनी टेबलावर हात आपटला. "चोर काय फक्त तरुणांनाच गाठतात?" सगळे हसले आणि तीनावर शिक्कामोर्तब झालं.

आता बायकोचं कार्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. सकाळी तिने मोठ्या ऐटीत दोनदा नंबर दाबला, दोन्ही वेळा चुकला. जन्मभर शिवणकाम करून तिने साठवलेलं सगळं त्याच खात्यात होतं. आज दुपारी चारच्या आत पैसे भरले नाहीत तर शुश्रूषागृहातली तिची खाट दुसऱ्याला जाणार होती. एकट्याने तिला सांभाळणं आता त्यांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. परवाच ती गॅस चालू ठेवून रस्त्यावर निघून गेली होती. नवं कार्ड हवं तर तिनेच बँकेत जाऊन स्वतःबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. हाही नियम यांचाच. ती तर हल्ली स्वतःच्या नावालाही अडखळायची.

"अगं, नंबर मला कानात सांग. मी दाबतो."

"शहाणेच आहात! नवऱ्यालासुद्धा सांगायचा नाही, असं कोण बजावत होतं?"

"मीच. पण आता सांग."

"परीक्षा घेताय होय माझी?" ती लाडात हसली.

पावणेचार वाजले होते. त्यांनी यंत्र तिच्यापुढे सरकवलं. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे तिने डाव्या हाताने आकडे झाकले, आणि यांनीही सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं. चार बारीक टिकटिक झाल्या. मग एक लांबलचक आवाज आला. तो कसला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"पाहिलं नाहीत ना?"

"नाही."

"मी कधी कुण्णालाही सांगितला नाही. तुम्हालासुद्धा." कौतुकाची वाट बघत ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"शाबास," ते म्हणाले. मग उठून त्यांनी दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.