डाळ शिजवणारी विहीर

उमरेड रस्त्यावरील पिंपळडोह या वस्तीत देवराव यांच्या विहिरीच्या पाण्यात पीफास गटातील रसायने आढळली. त्या वर्षी पोळ्याच्या सणापूर्वीच्या नमुन्यात त्यांचे जेवढे प्रमाण होते, पोळ्यानंतरच्या नमुन्यात त्याच्या दुपटीहून अधिक होते. बांधापलीकडच्या ताराचंद यांच्या विहिरीत ती दोन्ही वेळा आढळली नाहीत. वस्तीच्या आसपास कारखाना नाही, धावपट्टी नाही, कचऱ्याचे आगार नाही.

नमुने ऋतुजाने घेतले होते. नागपूरच्या भोवतालची माती आणि विहिरींचे पाणी हा तिच्या प्रबंधाचा विषय. ग्रामपंचायतीत तिने मोजक्या शब्दांत सांगितले की पीफास ही माणसाने घडवलेली रसायने आहेत. त्यांतील कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध ऊन, जिवाणू किंवा उकळी यांपैकी कोणालाही सोडवता येत नाही. पाणी आणि तेल या दोहोंना झिडकारणे हा त्यांचा गुण आणि कधीही न जाणे हा दोष. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी फक्त दोष लक्षात ठेवला.

सरपंच यमुताईंनी निर्णय दिला. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या ग्रामसभेपर्यंत कारण सापडले, तर उपाय करून पाणी पुन्हा तपासायचे. कारण न सापडल्यास विहिरीच्या कठड्यावर लाल पट्टा मारून ती पिण्यासाठी कायमची बंद करायची. जे कुठून येते तेच ठाऊक नाही, ते थांबवणार तरी कसे, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

ही विहीर बंद होणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तूरडाळीचा उल्लेख आवश्यक आहे. वस्तीतील इतर विहिरींचे पाणी जड. त्यात डाळ कुकरच्या कितीही शिट्ट्यांनंतर आपले व्यक्तिमत्त्व टिकवून असते. देवरावांच्या पाण्यात ती मेणासारखी मऊ शिजते. त्यामुळे प्रत्येक लग्नाच्या स्वयंपाकाचे पाणी त्यांच्या विहिरीवरून जाई आणि त्या बदल्यात पंगतीतले पहिले पान देवरावांचे असे. या पानावर देवराव गेली अनेक वर्षे बसत आले होते. तिथून उठण्याचा त्यांचा विचार नव्हता.

ऋतुजाची काम करण्याची पद्धत वस्तीला विचित्र वाटे. नमुना घेण्याच्या दिवशी ती चेहऱ्याला काही लावत नसे, आणि भुरभुर पावसातही रेनकोटाशिवाय भिजत उभी राही, कारण प्रसाधनांत आणि पाणी न धरणाऱ्या कापडावर हीच रसायने असू शकतात. देवरावांच्या पत्नी मैनाबाई मायेने छत्री धरायला गेल्या, तेव्हा ती साप दिसावा तशी मागे सरली. शिवाय ती शहरातून शुद्ध पाण्याची एक बाटली आणी, विहिरीशेजारी तिचे झाकण उघडी, थोड्या वेळाने बंद करी आणि परत नेई. हवेतून किंवा हातांतून काही मिसळत नाही ना, हे पाहण्याचा तो मार्ग होता. बाई विहिरीला पाणी दाखवते आणि विहीर पीत नाही म्हणून परत नेते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

मग तिने एक चूक केली. न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपातही ही रसायने असू शकतात, म्हणून कोणाच्या घरी असे तवे आहेत, हे तिने घरोघर विचारले. दुसऱ्या फेरीपर्यंत पिंपळडोहात एकही काळा तवा उरला नव्हता. काही माळ्यांवर गेले, काही अचानक उमरेडच्या नातलगांना भेट मिळाले. देवराव तर उघडपणे ताराचंदकडे बोट दाखवू लागले. ताराचंदच्या मुलाला लग्नात तीन तव्यांचा संच आल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते.

मातीचे नमुने घेताना ऋतुजाच्या गिरमिटाला ताराचंदच्या बांधाजवळ काही तरी खणकन लागले. खोदल्यावर तिन्ही तवे निघाले, एकावर एक, नीट पालथे घातलेले.

"हे इथं काहून पुरले, भाऊ?" तिने विचारले.

ताराचंदने तव्यांकडे प्रथमच पाहत असल्यासारखे पाहिले. "तुमीच म्हणे ना बाई, हे जिनस मातीत सडत नाई. म्हटलं, पाहू."

देवराव त्या दिवशी फार आनंदात होते. तो आनंद पंधरवडाभर टिकला. तव्यांखालची माती प्रयोगशाळेतून जवळजवळ स्वच्छ आली. शिवाय भूजल देवरावांकडे उतरते असे गृहीत धरले, तरी पोळ्याच्या आधी कमी आणि नंतर जास्त, हे तव्यांना जमण्यासारखे नव्हते. तवे सण पाळत नाहीत.

त्याच खेपेच्या मातीत मात्र एका नमुन्यातील प्रमाण इतके वर गेले की प्रयोगशाळेत यंत्र सांभाळणाऱ्या गौरांगने तो नमुना पातळ करून पुन्हा लावला. ती माती देवरावांच्या स्वतःच्या विहिरीजवळची होती. बैल धुण्यासाठी केलेल्या दगडी फरशीच्या सांधीतली. फरशीचा उतार विहिरीकडे होता.

आता प्रश्न सोपा झाला होता. फरशीवर काय येते? देवरावांनी सांगितले की बैल येतात. बैलांवर काय येते, यावर त्यांनी सणाचा सगळा तपशील दिला: खांदे शेकायला हळद आणि तूप, शिंगांना वार्निश, पायांत घुंगरू, गळ्यात माळा. ऋतुजाने हळद, तूप, वार्निश आणि शेपटीचे केस, सगळे तपासायला नेले. पुढच्या खेपेला बैलच यंत्रात घालायचा का, अशी गौरांगने चौकशी केली. सर्व नमुने निर्दोष निघाले. देवरावांनी दिलेल्या यादीत खोटे काहीही नव्हते. तिच्यात फक्त बैलाच्या पाठीचा उल्लेख नव्हता.

डिसेंबरात ऋतुजा पुन्हा गेली, तेव्हा मैनाबाईंनी पेटीतले कपडे अंगणात उन्हाला घातले होते. खाटेवर बैलाची एक झूल पसरलेली होती. लाल सुती अंग, पिवळे रेशमी काठ, मध्ये कमळ. मैनाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो घेताना थोडे पाणी झुलीवर सांडले. ते मुरले नाही. त्याचे गोल मणी झाले, कमळावरून घरंगळले आणि काठावरून खाली पडले.

सुती कापड असे करीत नाही. ऋतुजाने पेला पुन्हा तिरपा केला, यावेळी मुद्दाम. मणी पुन्हा घरंगळले. वर पाहिले तर देवराव गोठ्याच्या दारात उभे होते.

येथे ऋतुजाच्या माहेरचा थोडा उपयोग झाला. ती नागपुरातल्या सक्करदऱ्याची. तिच्या गल्लीत एके काळी घरटी माग होता आणि देवरावांचे वडीलही मूळचे उमरेडचे विणकर, मग शेतीकडे वळलेले. अशा घरी जमीन किती, आजार कोणता, मुलीला स्थळ का येत नाही, हे सगळे निःसंकोच विचारता येते. तुमच्या कापडाचा रंग पक्का आहे का, एवढे मात्र विचारत नाहीत. म्हणून तिने तो प्रश्न विचारला नाही. झूल सुंदर आहे, कोणी विणली, एवढेच विचारले.

"मीच विणली," देवराव म्हणाले. "बाबानंतर मागावर एवढं एकच काढलं. मंग माग मोडला."

"अन् रंगवली बी ह्यायनंच," मैनाबाई आतून म्हणाल्या. बाकीचे त्यांनी सांगितले नाही. पण 'बी' हा शब्द त्यांनी पुरेसा ताणला.

बाकीचे देवरावांनी खाटेच्या कडेवर बसून, झुलीची घडी घालत सांगितले. पहिल्याच पोळ्याला तोरणाखाली पाऊस आला आणि लाल रंग उतरला. पांढऱ्याशुभ्र जोडीतला एक बैल सर्व गावासमोर गुलाबी झाला. ताराचंदने हा बैल आहे की गुलाबजाम, असे विचारले आणि ते नाव वर्षभर टिकले. पुढच्या पोळ्याआधी देवराव नागपूरच्या लकडगंजात गेले. मंडपाचे कापड विकणाऱ्या एका दुकानात त्यांना एका डब्यातून सुटे काढून दिलेले द्रव्य मिळाले. शामियान्यावर मारले की पाऊस आत येत नाही, असे दुकानदार म्हणाला. फवारणीच्या पंपात भरून त्यांनी ते झुलीवर मारले. त्या पोळ्याला पाऊस आला आणि रंग हलला नाही. कोणी विचारले की देवराव म्हणत, मुरला आता रंग. यंदाही त्यांनी तेच केले आणि तेच म्हणाले.

"कुठं मारलं?" ऋतुजाने विचारले.

"फरशीवर अंथरून. घरात मारलं असतं तर वास नसता का सुटला?"

"अन् पंप?"

देवरावांनी घडीचा काठ काठाला जुळवला. "पंप त अख्खं गाव विहिरीवरच धुते, बाई."

अहवालात द्रव्याचे नाव लिहावे लागेल, असे ऋतुजाने सांगितले. ते का वापरले, हे लिहिणे बंधनकारक नाही. देवरावांना यात आशा दिसली. ग्रामसभेत ती फार काळ टिकली नाही. ऋतुजाने फरशीवर जलरोधक द्रव्य सांडल्याचे सांगताच यमुताईंनी विचारले की शेतकऱ्याच्या घरी मंडपाचे द्रव्य कशासाठी आले. कोणी म्हणाले, दुकानदाराने फसवले असेल. कोणी म्हणाले, ताराचंदने आणून टाकले असेल, तव्यांचा राग म्हणून. ही दुसरी सूचना सभेला पसंत पडत चालली होती. ताराचंद उठून उभा राहिला आणि त्याने आपल्या मुलाची शपथ घेतली. यमुताईंनी पुन्हा विचारले की कशासाठी आणले हे कळले नाही, तर ते पुन्हा येणार नाही याची खात्री कोणी द्यायची? पट्ट्याच्या लाल रंगाचा डबा त्यांच्या पायाशीच होता.

देवराव उठले. त्यांनी डब्याकडे पाहिले, ताराचंदकडे पाहिले आणि टोपी नीट केली.

"माह्या झुलीचा रंग जाते," ते म्हणाले. "मुरला नाई. कधीच मुरला नोहता. रंग जाताना दिसू नये म्हणून मी ते मंडपाचं पाणी मारलं. दोन साल."

विणकराच्या घरातून हे वाक्य निघाल्याचे पिंपळडोहात कोणालाही आठवत नव्हते.

"म्हंजे दोन पोळ्यापासून मी फुकटचाच जळून राहिलो होतो," ताराचंद म्हणाला. "अन् तुह्यापायी माहे तीन तवे गेले ते अलग. गुलाबी त गुलाबी, डाळ त शिजू दे गा."

मग हसू फुटले आणि त्यात यमुताईंनी डबा पायाने खुर्चीखाली सरकवला. फरशी उखडून खालची माती सीलबंद पिंपांत भरून द्यायची, विहिरीचे पाणी कोळशाच्या गाळणीतून उपसत राहायचे, आणि लागोपाठच्या तपासण्या स्वच्छ येईपर्यंत त्या पाण्यात कोणीही डाळ शिजवायची नाही, असे ठरले. झूल ऋतुजाने पिशवीत बांधून नेली. देवरावांनी ती स्वतः घडी करून दिली; मैनाबाईंनी पावती मागितली.

अहवालातील निष्कर्ष असा. देवराव यांच्या विहिरीतील पीफासचा स्रोत हा मंडपाच्या कापडासाठी विकले जाणारे जलरोधक द्रव्य आहे. ते सलग दोन वर्षे पोळ्याच्या आदल्या दिवशी विहिरीलगतच्या फरशीवर पंपाने फवारले गेले आणि पंप त्याच जागी धुतला गेला. फरशीचा उतार विहिरीकडे असल्याने द्रव्य पाण्यात उतरले. त्याचे विघटन होत नसल्याने पहिल्या वर्षाचे प्रमाण दुसऱ्या वर्षापर्यंत टिकले आणि त्यात भर पडली. ताराचंद यांची विहीर चढावर असल्याने तिथे ते पोचले नाही. फवारण्याचे कारण: झुलीचा लाल रंग कच्चा होता.