अंदाजाने ठोकायचं नाही

विहिणीचं नुसतं नाव निघालं तरी डोरीनला चहा कडू लागायचा. विहीण म्हणजे रोझलिंड. पुलापलीकडे सिटिंगबोर्नला राहणारी, जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आणि हसली तरी दात मोजून दाखवणारी बाई. डोरीन इकडे बेटावर, शीअरनेसला. तिचा जन्म बायकांचे केस कापण्यात आणि कुरळे करण्यात गेलेला. दोघींत नात एकच, दहा वर्षांची फीबी. तिथेच सगळी गोची होती.

फीबी सप्टेंबरात ग्रामर शाळेच्या, म्हणजे हुशार पोरं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळेच्या, प्रवेश परीक्षेला बसणार होती. पास झाली तर पुलापलीकडची शाळा, आणि ती रोझलिंडच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मग रोज दुपारी पोरगी तिकडे जाणार, आई केरी, म्हणजे डोरीनची मुलगी, हॉस्पिटलची ड्युटी संपवून तिथूनच तिला उचलणार. नापास झाली तर शाळा बेटावरचीच, डोरीनच्या गल्लीच्या टोकाला, आणि दुपारी आजवर होत्या तशा डोरीनच्या. केरीने हे भांडी विसळता विसळता सहज सांगितलं. डोरीन म्हणाली, "छान होईल की." त्या रात्री तिने जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

आणि गंमत बघा, पोरीची तयारी करून घेत होती तीच. शाळा सुटली की फीबी हिच्याकडे यायची, टोस्टवर बीन्स खायची, आणि मग दोघी क्रियापदांच्या मागे लागायच्या. एकाच अर्थाची चार-चार क्रियापदं. परीक्षेत एक शब्द देतात, खाली पाच, त्यातला जवळचा ओळखून उत्तरपत्रिकेवर चौकटीत रेघ मारायची. डोरीनला पुस्तकातून शिकवता येत नव्हतं, म्हणून ती करून दाखवायची. ओट्यापासून दारापर्यंत जायची आणि विचारायची, "हे काय?"

"रेंगाळणं."

"आणि हे?"

"खुरडणं. नॅन, गुडघा दुखतोय का तुझा खरंच?"

"तो कायमच दुखतो. तू शब्द सांग."

पोरगी खिदळायची. डोरीनचा जीव सुपाएवढा व्हायचा. पण रविवारी फीबी रोझलिंडकडे जायची आणि सोमवारी नवे शब्द घेऊन यायची. "नॅन, ग्रॅनी म्हणते, नुसतं बघणं वेगळं आणि न्याहाळणं वेगळं. ग्रॅनी म्हणते, निरखणं त्याहून बारीक." सोमवारभर ग्रॅनी म्हणते, ग्रॅनी म्हणते. डोरीनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिने आठवडाभर गुडघे झिजवायचे, आणि त्या बाईने एका दुपारी गादीच्या खुर्चीत बसून दोन शब्द टाकले की पोरीच्या तोंडी तेच.

याच परीक्षेत डोरीन स्वतः लहानपणी नापास झाली होती. रोझलिंड पास. केरीच्या लग्नात रोझलिंडने हे कुणाला तरी सांगितलं होतं, वाईट हेतूने नाही, पण डोरीनच्या कानावर आलं ते आलंच. तेव्हापासून तिला त्या बाईचं काहीही पटेनासं झालं. तिने आणलेला केकसुद्धा कोरडा लागायचा, आणि तो कोरडा नसायचा.

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी फीबी दप्तर टाकत म्हणाली, "नॅन, ग्रॅनी म्हणते, नाही आलं तरी कोरं सोडायचं नाही. काहीतरी रेघ मारायचीच. चुकलं तर मार्क कापत नाहीत."

डोरीन बटाटे सोलत होती. तिला कळत होतं की हे बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या आया हेच सांगतात, त्याच आया ज्या एकमेकींना म्हणतात, आम्ही बाई काहीच तयारी करून घेत नाही. पण ते रोझलिंडच्या तोंडून आलं होतं, आणि सोमवारचं पहिलंच वाक्य होतं ते.

"अंदाजाने ठोकायचं म्हणजे लबाडीच झाली," ती म्हणाली. "येत नसेल तर सरळ सोडून द्यावं. आपल्या घरात असं करत नाहीत."

"पण ग्रॅनी शिक्षिका होती."

"असेल. मग विचार जाऊन तिलाच सगळं. कशाला येतेस इकडे?"

फीबीने जवळ येऊन डोरीनच्या कमरेला हात घातले. "नाही ठोकणार, नॅन."

डोरीनने सुरी खाली ठेवली आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात म्हणता आलं असतं, अगं, तुझ्या ग्रॅनीचं बरोबर आहे, तसंच कर. पण कमरेभोवतीचे ते हात तिला इतके गोड वाटले की ती बोललीच नाही. उद्या सांगू म्हणाली मनाशी. दुसऱ्या दिवशी पण नाही सांगितलं.

परीक्षा झाली त्या दुपारी फीबी उड्या मारत आली. "गणित मस्त गेलं. इंग्रजीत काही शब्द कधी ऐकलेच नव्हते, ते मी सोडून दिले, तू म्हणालीस तसे. बरेच सोडले."

"बरेच म्हणजे?"

"बरेच. पण लबाडी नाही केली."

"शहाणी माझी," डोरीन म्हणाली आणि बीन्सचा डबा उघडताना तिच्या बोटाला पत्रा लागला. पोरीची काळजी वाटली होती खरी. पण त्या काळजीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी सुखावलं होतं, आणि ते काय आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

निकाल ऑक्टोबरात, दुपारी, केरीच्या फोनवर येणार होता. केरीने रजा काढली, आणि सगळे जमले डोरीनकडे. रोझलिंड केक घेऊन पूल ओलांडून आली. केरीने फोन उघडला, वाचला, पुन्हा वाचला. गणितात उत्तम, तर्कात उत्तम, इंग्रजीत थोडक्यात कमी. तिन्हींत ठरलेले मार्क लागतात. प्रवेश नाही.

फीबी रडली नाही. ती सोफ्यावर डोरीनला चिकटून बसली होती, तशीच बसून राहिली, फक्त हाताची नखं खाऊ लागली. डोरीनला आत कुठेतरी हुश्श झालं. मग लगेच आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. चहा करते म्हणून ती उठली आणि किटली हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

रोझलिंडने चष्मा काढला. "इंग्रजीत कशी राहिली? फीबी, जे येत नव्हते ते प्रश्न तू भरलेस ना? कोरे नाही सोडलेस?"

फीबीने डोरीनकडे पाहिलं. डोरीनने किटलीकडे पाहिलं.

"सगळे भरले, ग्रॅनी," फीबी म्हणाली.

"सगळे?"

"हो. पण चुकले असतील."

रोझलिंड चष्मा पुसत बसली. पुसता पुसता तिचे खांदे हलायला लागले. या बाईला रडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांची पोरं पास केली. आपल्या एकीला चार शब्द नीट देता आले नाहीत. डोरीन, तुम्ही तर रोज इतकं केलंत. कमी पडले मीच."

डोरीनने तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं, मी सांगितलं तिला कोरं सोडायला. ते जिभेवर येऊन बसलं होतं. केरी बघत होती. डोरीन म्हणाली, "साखर किती घालू?"

फीबी सोफ्यावरून उठली. ती रोझलिंडपाशी गेली आणि तिच्या गळ्यात पडली. "तुझं नाही चुकलं, ग्रॅनी," ती म्हणाली, आणि मग कुठे रडायला लागली, त्या बाईच्या खांद्यावर, हुंदके देऊन. रोझलिंडने तिला मांडीवर ओढलं. दहा वर्षांची घोडी, पण मावली.

डोरीन किटली धरून बघत राहिली. पोरगी तिच्यासाठी खोटं बोलली होती. शाळा गेली होती. दुपारी आता वर्षानुवर्षं तिच्याच होत्या, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत, कुणी हात लावणार नव्हतं. हे सगळं तिला दिसत होतं, कळत होतं. आणि तरी, देवाशपथ, तिच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की रडायला ती माझ्याकडे का नाही आली.