पितळी नेढं

मुकादमबाईंनी शेवटच्या खिडकीवर पोतं ठोकलं, दातांत धरलेला उरलेला खिळा काढून खिशात टाकला आणि मागे वळून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू रोगाला आपल्या हातांनी कुलूप घातलं. नाल्यावरून येणारी हवा घसा धरते, हे त्यांनी आठवडाभरात इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्यावर कुणी मानही हलवत नसे. हवा बंद झाली. उजेडही गेला. चोवीस मागांची खडखड तेवढी आत कोंडून राहिली.

टकळी दाराशी बसून कांड्या भरत होती. हे नाव आत्याने ठेवलेलं. सूत कातायची टकळी गरगरते तशी हिची जीभ, म्हणून. शाळेसाठी ती आत्याकडेच राहायची. शाळा सुटली की दोन तास इथे यायचं, कांड्यांवर सूत गुंडाळून मागांवर पोचवायचं आणि आत्याबरोबर घरी जायचं, हा तिचा नेम. पण आज जीभ टाळ्याला चिकटली होती. मुठीत केसांची पिन होती, टोकाशी आकड्यासारखी वाकवलेली, आणि ती घामाने निसटत होती.

मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या पितळी नेढ्यातून बाहेर काढायचं. त्यासाठी नेढं ओठांना लावून झटक्यात श्वास आत ओढायचा. सूत थेट जिभेवर येतं. एका श्वासात ओढेल ती खरी विणकरीण. आकड्याने काढणारीला इथे ‘सुईवाली’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. आत्या तर गप्पा मारता मारता ओढायची. वाक्य तोडून नेढ्याचा मुका घ्यायचा आणि पुढच्या शब्दापासून सुरू.

आणखी एक रीत होती. एखादी कामावर आली नाही, तर तिचा धोटा दुसरीने चालवायचा. रिकामा धोटा रुसतो, म्हणत. चष्मेवाली घसा सुजून अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचा वापरून गुळगुळीत झालेला धोटा लांबडीला मिळाला. चष्मेवाली त्यातच गेली. पाच दिवसांनी लांबडीला पाणी गिळवेना. तोच धोटा आता आत्याकडे होता. आज सहावा दिवस.

टकळीने वहीच्या शेवटच्या पानावर मागांच्या रांगा काढून पाहिल्या होत्या. खिडकीखालच्या सातही जणी ठणठणीत. पडल्या त्या मधल्या रांगेतल्या, जिथे वारा औषधालाही यायचा नाही. काल घरी जाताना तिने हे सगळं आत्याला सांगितलं. आत्या नुसती भरभर चालत राहिली. घरी गेल्यावर तिने आपलं ताट बाजूला नेलं, आपला पेला वेगळा ठेवला, उशीसुद्धा उचलून बाहेरच्या खोलीत टाकली. रागावली, असं टकळीने धरून चाललं.

आत्याचा माग थांबला. कांडी संपली होती. टकळीने नवी नेऊन दिली आणि सोबत पिनही पुढे केली.

“आत्या, याने काढ ना. आजच्या दिवस.”

आत्याने पिनेकडे पाहिलं. हात मात्र पुढे केला नाही. तेवढ्यात मुकादमबाई येऊन उभ्या राहिल्याच.

“काय गं, धोटे चावतात असं शिकवतात का हल्ली शाळेत?”

चावत असेल तर त्याला मुसकी बांधा, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. टकळीचे कान तापले. पण गेल्याच महिन्यात तिने अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलं होतं. सगळे पाहत असताना आवाज कुठून काढायचा, हे आता तिला ठाऊक होतं.

“हवेने झालं असतं तर खिडकीखालच्या मावश्या आधी पडल्या असत्या,” ती म्हणाली. “चष्मेवाली मावशींचा धोटा लांबडी मावशीकडे गेला. तिच्याकडून आत्याकडे. रोग धोट्याबरोबर फिरतोय.”

हशा जागच्या जागी विरला. खिडकीखालच्या एकीने हातातला धोटा हळूच खाली ठेवला. शेजारचे माग एकेक करून थांबले.

धोटे मुकादमबाईच वाटत. त्यांचा आवाज उलट खाली आला.

“म्हणजे लांबडीच्या तोंडात रोग मी घातला, असं म्हणायचंय तुला?”

टकळीला तसं म्हणायचं नव्हतं. पण नाही तरी कसं म्हणणार?

“हा धोटा घे,” मुकादमबाई म्हणाल्या. “सगळ्या ओढतात तसं ओढून दाखव, सगळ्यांसमोर. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस आणि आत्यालाही आणू नकोस.”

घर आत्याच्या या एका मागावर चालत होतं, आणि टकळीची शाळाही. तिने धोटा उचलला. नेढ्याचं पितळ ओठांनी घासून घासून आरशासारखं झालं होतं. तिने डोळे मिटले आणि धोटा वर नेला.

ओठ चार बोटांवर असतील, तोच आत्याने तो हिसकून घेतला.

“माझ्या धोट्याला हात लावायचा नाही,” आत्या म्हणाली. आवाज खरखरीत, कुणा दुसरीचाच वाटावा असा. “दीडशहाणी कुठली. जा, दप्तर उचल आणि चालती हो.”

मग मुकादमबाईंकडे पाहत तिने स्वतःच धोटा ओठांना लावला.

टकळी दाराकडे वळली. सगळ्या बायकांदेखत आपल्याच माणसाने असं तोडावं. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं; सवयीने तिने दप्तराबरोबर आत्याचा डबाही उचलला. डबा जड लागला. झाकण काढलं, तर सकाळी भरला होता तसाच. पाण्याची बाटली उचलली. तीही काठोकाठ.

वेगळं ताट. वेगळा पेला. बाहेर टाकलेली उशी.

ती गर्रकन वळली. आत्याचे गाल आत गेले होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. सूत आलं नाही. आत्याने पुन्हा ओढलं. नाहीच आलं. आता एकही माग चालत नव्हता, आणि तिच्या घशातून निघालेला बारीकसा आवाज सगळ्या जणींनी ऐकला.

आत्याने धोटा खाली घेतला. मुकादमबाईंचा हात सवयीने पुढे आला, धोटा घेऊन पुढचीला द्यायला. आत्याने धोटा आपल्या पिशवीत टाकला.

“रिकामा धोटा रुसतो,” मुकादमबाई म्हणाल्या. पण जोर नव्हता त्यात.

“रुसू दे.”

आत्या दाराशी आली आणि टकळीपासून हातभर अंतरावर थांबली. टकळीने पुढे केलेला हात तिने धरला नाही.

“तू पुढे चाल. दवाखान्याच्या रस्त्याने,” ती पुटपुटली. “मी मागून येते.”

उंबरठ्यावरून टकळीने एकदा मागे पाहिलं. आत्याच्या शेजारच्या मागावरच्या बाईने अंबाड्यातली पिन उपसली होती. दातांनी वाकवायला तिने ती तोंडाजवळ नेली, मध्येच थबकली, आणि मग मागाच्या लाकडी कडेवर टेकवून अंगठ्याने दाबू लागली.