ताईच्या पेशी

एकोणीस वर्षं मी लॅबमध्ये स्लाइडवर रक्त रंगवते आहे. परक्याचं रक्त बघून हळहळायचं मी पहिल्याच वर्षी सोडलं, नाहीतर दुपारचा डबा घशाखाली उतरला नसता. पण धाकट्या भावाच्या रिपोर्टमधली एक ओळ मी चार वेळा वाचली. त्याचा रक्ताचा कॅन्सर परत आला होता, आणि या खेपेच्या आजारी पेशी त्याच्या नव्हत्या. त्या डोनरच्या होत्या. म्हणजे माझ्या.

तीन वर्षांपूर्वी त्याचा बोन मॅरो औषधांनी पार जाळून त्याच्या अंगात माझ्या पेशी सोडल्या होत्या. तेव्हापासून घरात माझा भाव वधारला होता. तो वाद घालायला लागला की मी म्हणायची, "गप बस, माझ्याच रक्तावर उड्या मारतोयस." ती फुशारकी आता अंगाशी आली.

भावजय कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, तेव्हा तुमचं नीट तपासलं होतं ना?" मला राग आला. प्रश्न रास्त होता, याचा जास्त आला.

मग माझीही तपासणी झाली. कमरेच्या हाडात सुई शिरली तेव्हा मी देवाकडे एकच मागत होते, माझ्यात काही निघू नये. त्याचं काय होईल हा विचार त्या पाच मिनिटांत मला शिवलासुद्धा नाही. सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. "तुमच्यात काहीही दोष नाही," त्या म्हणाल्या. मी खुर्चीत सैल पडले, तरी त्या बोलतच राहिल्या. "पेशी काही एकटी जगत नाही. आजूबाजूच्या पेशी तिला सारखे निरोप देत असतात. आता वाढ, आता थांब, आता मर. तुमच्या भावाच्या हाडांतल्या या शेजारणीच बिघडल्यात, असं आम्हाला दिसतंय. पहिल्या औषधांनी असेल, नाहीतर मूळचंच असेल. तुमच्या पेशी धडधाकट गेल्या आणि तिथले उलटे निरोप ऐकून बिघडल्या."

"म्हणजे भांडंच आंबलंय. ताजं दूध ओतलं तरी नासणार."

"बहुधा. दुसरा डोनर घेऊन बघता येईल. पण दोष तुमच्यात निघाला असता, तर मी जास्त आशेने बोलले असते. त्यांना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," मी म्हटलं. मी दोषी ठरले असते तर तो जगण्याची आशा होती, आणि मी सुईखाली पडून नेमकं उलटं मागितलं होतं. ते मला मिळालंही.

बाहेर बाकावर दोघं बसली होती. "काय निघालं?" भावाने विचारलं.

"खोट माझ्यातच होती," मी म्हटलं. "माझ्याच पेशी मुळात खराब. आता दुसरा डोनर शोधायचा, की तू ठणठणीत."

"वाटलंच होतं मला," भावजय म्हणाली. म्हणू दे. तिचे टोमणे जन्मभर ऐकायची माझी तयारी होती.

पण तो भिंतीला धरून उभा राहिला. "म्हणजे तुलाही झालाय? आणि यांनी तुला असंच बाहेर सोडलं? सरक, मी विचारतो त्यांना." तो खरंच दाराकडे निघाला. दोन पावलांत त्याला धाप लागली. मी त्याला दंडाला धरून थांबवलं.

"थांब रे, मूर्खा. मला काही झालेलं नाही."

"माझी शपथ घे."

त्याची खोटी शपथ माझ्याच्याने, त्या दिवशी तरी, घेववेना. "तुझी शपथ," मी म्हटलं. "माझ्यात काहीच निघालं नाही."

त्याने मोठ्ठा श्वास सोडला, हसलासुद्धा. "मग कशाला घाबरवतेस, भवाने?" तो बाकावर बसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. भावजयीला त्याच्या आधी कळलं असावं, तिने त्याचा हात घट्ट धरला होता.

"मग त्या बिघडल्या कुठे?" त्याने विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानेच मान डोलावली.

"तू चांगल्याच दिल्या होत्यास गं, ताई," तो म्हणाला. "मलाच नाही सांभाळता आल्या."